विंचवाचे बिऱ्हाड चाकांवर

ज्यांची सदा बदली होते त्यांच्यासाठी आपण 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण वापरतो. तिच्यात थोडी कीव असते. पण स्वतःच्या हौसेने, पदरचे पैसे मोडून आपले बिऱ्हाड चाकांवर चढवणारी आणि ते मोटारीच्या मागे जोडून हिंडणारी लक्षावधी माणसे अमेरिकेत आहेत. २०२३ सालापासून आमचे इंडियानातील कुटुंबही त्यांत मोडते. या चाकांवरच्या बिऱ्हाडाला इकडे 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात. त्याला स्वतःचे इंजिन नसते. आत दोन-चार माणसांची झोपायची सोय, शेगडी, मोरी, संडास आणि शीतकपाट एवढा संसार असतो; आणि तो सारा एका लोखंडी दांडीने मोटारीला अडकवलेला असतो.

कल्पना तशी जुनी आहे. १८८५ साली इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरांनी घोड्यांनी ओढायची 'वाँडरर' नावाची गाडी केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधून घेतली. अमेरिकेत मोटार आली आणि तिच्यामागे ट्रेलर आला. आमच्या फोर्ट वेनपासून मोटारीने दीड तासावर एल्कहार्ट नावाचे गाव आहे. या धंद्याची ती जणू राजधानीच. तिथल्या संग्रहालयात १९१३ सालचा एक ट्रेलर ठेवलेला आहे. पुढे १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या तीन अंतराळवीरांना लोकांपासून अलग ठेवायची वेळ आली, तेव्हा त्यांची पहिली सोय झाली ती 'एअरस्ट्रीम' या ट्रेलरवाल्यांनीच बांधलेल्या डब्यात. चंद्रावर जाऊन आलेल्या माणसांनाही शेवटी ट्रेलरवाल्यांच्या बिऱ्हाडातच राहावे लागले, असे म्हणायला हरकत नाही!

पण वाचकहो, मला सांगायचे आहे ते एका जुन्या, गळक्या ट्रेलरविषयी आणि तो दुरुस्त करणाऱ्या आमच्या मामंजींविषयी.

मामंजी मूळचे कोकणातले. १९७१ ते २००५ अशी चौतीस वर्षे त्यांनी एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत काढली. बसचा सांगाडा उभा करायचा, त्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे रिबिटांनी जडवायचे आणि पावसाळ्यात त्या पत्र्यातून प्रवाशाच्या डोक्यावर थेंब पडणार नाही हे बघायचे, हे त्यांचे काम. सासूबाई गेल्यावर ते पुण्यात एकटे पडले, म्हणून २०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणले.

पहिले आठ दिवस कौतुकात गेले. मग त्यांचा दिवस मोठा मोठा होऊ लागला. हे सकाळी कचेरीत, मुले शाळेत, मी माझ्या नोकरीवर. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चौकात जाऊन वर्तमानपत्र घ्यावे तर चौकच नाही! घरातला एक नळ गळत होता तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केला. नंतर दुरुस्त करायला काही उरले नाही. मे महिन्यात एका संध्याकाळी, मी भाजी चिरत असताना, ते हळूच म्हणाले, "सूनबाई, तिकीट जरा अलीकडचं मिळेल का? पैसे जास्त पडले तर माझ्या पेन्शनीतून देतो."

मी काही बोलले नाही, पण रात्री ह्यांना सांगितले, "तिकीट बदलायच्या आधी तो ट्रेलर बघून येऊ."

त्या ट्रेलरची जाहिरात मी महिनाभर डोळ्यांसमोर ठेवली होती. २००६ सालचा, एकोणीस फुटी, दोन आसांचा, किंमत ३८०० डॉलर. नवा घ्यायचा तर वीस-पंचवीस हजार मोजावे लागतात, आणि ते आमच्यासारख्या दोन मुलांच्या घरात परवडणारे नव्हते. मामंजींना मी म्हटले, "मामंजी, एक जुनी गाडी घ्यायची की नाही हे सांगायला तुम्ही या." ते चटकन उठले आणि स्वतःचा चष्मा पुसू लागले.

मालकाने पंखा दाखवला, गादी दाखवली, रेडिओ वाजवून दाखवला. मामंजींनी त्यातले काहीच पाहिले नाही. दार उघडताच त्यांनी नाकाने दीर्घ श्वास घेतला. मग चारी कोपऱ्यांत अंगठ्याने भिंत दाबली, टाच आपटत जमिनीवरून फिरले, आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात थांबून म्हणाले, "इथं पाणी मुरलंय. बाकी सांगाडा सरळ आहे. भाव कर." भाव ३१०० वर आला आणि ट्रेलर आमचा झाला.

आमच्या वसाहतीच्या नियमाप्रमाणे असली वाहने घरापुढे फार वेळ उभी करता येत नाहीत. म्हणून गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या रिकाम्या कोठारात महिना साठ डॉलर भाड्याने जागा घेतली. मामंजींची कार्यशाळा सुरू झाली!

आधी छप्पर

अशा ट्रेलरचा सगळ्यांत मोठा शत्रू पाणी. त्याचे छप्पर म्हणजे प्लायवूडवर चिकटवलेला रबराचा पातळ थर. त्या छपराला झरोक्यासाठी, नळ्यांसाठी भोके पाडलेली असतात आणि कडांना पट्ट्या ठोकलेल्या असतात. प्रत्येक सांध्यावर लांबी भरलेली असते. उन्हाने आणि थंडीने ती लांबी वाळते, तडकते. केसाएवढ्या फटीतून पाणी शिरते, लाकडी बत्त्यांवरून खाली ओघळते आणि वर्षानुवर्षे आत मुरत राहते. बाहेरून पत्रा चकचकीत आणि आत लाकडाचा भुसा, अशी गत होते.

मामंजी म्हणाले, "कोकणात आगोटीपूर्वी घर शाकारतात, ते का? पाऊस सुरू झाल्यावर कौलावर चढता येत नाही म्हणून. इथंही तेच."

आम्ही कोपऱ्याची पट्टी काढली, पत्रा सोडवला. आतली उभी बत्ती हाताने कुस्करता आली. ती कापून नवी घातली, दोन फुटांचा प्लायवूड बदलला, आणि सगळे पुरते वाळेपर्यंत आठ दिवस पंखा लावून ठेवला. ओल राहिलेली असताना वरून बंद करणे म्हणजे रोग आत कोंडणे. लाकडातील ओल मोजायचे एक छोटे यंत्र स्वस्तात मिळते. त्याचे दोन काटे लाकडात टोचायचे की आकडा दिसतो. मामंजींनी ते यंत्र कौतुकाने पाहिले आणि तरीही अंगठा दाबून खात्री करून घेतली.

पट्टी परत बसवताना तिच्याखाली ब्यूटिल रबराची चिकट फीत घातली. सपाट छपरावरच्या सांध्यांना आपोआप पसरणारी लांबी आणि उभ्या कडांना न ओघळणारी लांबी, असे दोन प्रकार घ्यावे लागतात. रबरी छपरावर साधे सिलिकोन मात्र लावू नये. ते सुटले की त्या जागी दुसरे काही धड चिकटत नाही. तसेच छप्पर रॉकेल-पेट्रोलने पुसू नये, रबर फुगते. साबणाचे पाणी उत्तम. शिडीवर मी, खाली मामंजी आणि हत्यारे द्यायला आमचे चौदा वर्षांचे चिरंजीव, अशी पाळी लागली. हे चिरंजीव घरात आजोबांशी दोन शब्दांपलीकडे बोलत नसत. कोठारात मात्र 'आजोबा, आता कोणता पाना?' असे दहादा विचारू लागले.

मग चाके

ट्रेलर विकणाऱ्याने 'चाकांचे सारे काम गेल्या वर्षीच केले आहे' असे सांगितले होते. मामंजींनी ऐकून घेतले आणि चारही चाके उतरवली. बेअरिंग बाहेर काढून रॉकेलमध्ये धुतली, उजेडात फिरवून पाहिली. तीन चाकांची बरी होती. चौथ्याच्या आतल्या बेअरिंगवर निळी झाक होती. "हे तापलंय," ते चिरंजीवांना म्हणाले. "पोलाद तापून निळं पडलं की त्याचा भरवसा संपला. हे हमरस्त्यावर अडकलं असतं तर चाक आपल्या पुढे पळालं असतं."

नवे बेअरिंग, नवे तेलरोधक कडे, आणि तळहातावर वंगण घेऊन ते प्रत्येक गोळ्याच्या फटीतून बाहेर डोकावेपर्यंत दाबून भरायचे. मग चाक फिरवत नट आवळायचा, पुन्हा सैल करायचा, बोटांनी लागेल तेवढाच लावायचा आणि फटीत खिळा घालून तो दुमडायचा. नट करकचून आवळला तर बेअरिंग जळते, सैल राहिला तर चाक डुगडुगते. हे काम वर्षातून एकदा करावे असा दंडक आहे. त्याच वेळी ब्रेकही पाहून घेतले. ट्रेलरचे ब्रेक विजेच्या चुंबकावर चालतात. शिवाय दांडीवर एक छोटी खुंटी असते आणि तिची तार मोटारीला बांधलेली असते. ट्रेलर मोटारीपासून सुटलाच, तर ती खुंटी उपसली जाते आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक लागतात. खुंटी ओढून ब्रेक खरोखर लागतात की नाही हे आम्ही तीनदा पाहिले.

टायरांवरून मात्र घरात वाद झाला. त्यांवरची नक्षी जवळजवळ कोरी होती. हे म्हणाले, "पाचशे डॉलरचा खर्च आहे. एवढे चांगले टायर कशाला टाकायचे?" अमेरिकेत प्रत्येक टायरच्या कडेला छापलेल्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांवर होते '१८१३', म्हणजे २०१३ सालचा अठरावा आठवडा. दहा वर्षांचे टायर! ट्रेलर वर्षाचे दहा महिने उभा असतो, त्यामुळे त्याचे टायर झिजत नाहीत. ते वयाने मरतात. कडेला बारीक भेगा दिसतच होत्या.

मामंजी मुलाला कधी रागावत नाहीत. त्या दिवशी एवढेच म्हणाले, "नक्षी बघून लुगडं घ्यावं, टायर नव्हे. आत माझी नातवंडं असतात की सामान, ते तूच ठरव." वास्तविक चालत्या ट्रेलरमध्ये आम्ही कोणालाच बसू देत नाही, सगळे मोटारीतच असतात, पण त्या मोटारीलाही हा ट्रेलर जोडलेला असतो, हे ह्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी चार आणि वरकड एक, असे पाच टायर आले.

घरातल्या सुधारणा

इथे माझे राज्य होते. आधी दिवे. आतले जुने दिवे बारा व्होल्टचे, प्रत्येकी अठरा वॅटचे. पाच दिवे पाच तास जाळले तर साडेचारशे वॅट-तास होतात. आमची शिशाची बॅटरी बारा व्होल्ट, ऐंशी अँपिअर-तासांची. म्हणजे एकूण ९६० वॅट-तास. ती निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून वापरायचे ४८० च. एका संध्याकाळीच सारा खेळ खलास! अडीच वॅटचे एलईडी दिवे घातल्यावर तेवढ्याच उजेडाला ६२ वॅट-तास पुरू लागले. छपरावर शंभर वॅटचे एक सौर तावदान बसवले, ते दिवसा बॅटरी भरते. तारांना फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावला, कारण फ्यूज आणि बॅटरी यांमधली तार निराधार असते.

शीतकपाटाने मामंजींना खरा अचंबा वाटला. त्याला मोटर नसते; गॅसच्या लहानशा ज्योतीवर ते थंड होते! अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या फिरण्यावर चालणारी ही युक्ती १९२२ साली स्वीडनच्या फोन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधली. एकच अट असते, कपाट सपाटीवर उभे हवे. कलंडले तर आतला द्रव वाहायचा थांबतो. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर पहिले काम पाणसळ ठेवून ट्रेलर सपाट करण्याचे. मामंजींनी त्यासाठी लाकडी ठोकळ्यांचा संच करून त्यांवर क्रमांक घातले.

गॅसच्या नळीला मात्र आम्ही हात लावला नाही. साबणाचा फेस लावून गळती तपासणे कोणालाही जमते. पण नळी बदलायची तर परवाना असलेल्या माणसाकडूनच बदलावी. इथला गॅस प्रोपेन असतो, कारण आपल्या सिलिंडरातील ब्यूटेन शून्याच्या खाली वायूरूप होत नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून गळती सांगणारी घंटा जमिनीजवळ लावतात. ती घंटाही काही वर्षांनी निकामी होते. तिच्यावरची तारीख उलटून गेली होती, म्हणून नवी आणली.

बाकी माझ्या हौसेचे सांगायचे तर, जुन्या इरकली साडीचे पडदे झाले, मसाल्याच्या डब्याला अडसर असलेला कप्पा झाला, आणि फळ्यांना पुढे कठडे लागले, नाहीतर पहिल्याच वळणावर हळद साखरेत! देवासाठी मामंजींनी वीतभर कोनाडा केला. त्यातल्या गणपतीला मागून स्क्रू आहे, हे मात्र आम्ही कोणाला सांगत नाही.

उलाळ गाडी

निघण्यापूर्वी एका रविवारी आम्ही सगळे सामान भरून रंगीत तालीम केली. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, तेव्हा तांदूळ, डाळी, पीठ मागे. सायकलीही मागच्या दांड्यावर. मामंजींनी पुढची दांडी हाताने उचलून पाहिली आणि म्हणाले, "गाडी उलाळ होतेय."

बैलगाडीत मागे भार जास्त झाला की जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेला फास बसतो. ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर पडला पाहिजे. तो कमी असला तर वेगात ट्रेलरचे शेपूट डुलायला लागते, एकेका झोक्याला वाढत जाते आणि अखेर मोटारीलाच फरफटत नेते. अशाने माणसेही मरतात.

काटा शोधावा लागला नाही. घरातला वजनकाटा आणि एक फळी घेतली. फळीचे एक टोक विटेवर, दुसरे काट्यावर. विटेपासून एक फुटावर दांडी टेकवली आणि काटा तीन फुटांवर. तरफेच्या नियमाने काट्यावरच्या आकड्याची तिप्पट हे दांडीवरचे वजन. काटा सत्तेचाळीस किलो दाखवत होता, म्हणजे १४१. भरलेला ट्रेलर ट्रकच्या काट्यावर १८६० किलो भरला होता, तेव्हा निदान १८६ हवे! तांदूळ आणि हत्यारे पुढच्या पेटीत हलवली, सायकली मोटारीच्या टपावर गेल्या. काटा त्र्याहत्तर, म्हणजे २१९. मोटारीची ओढायची मर्यादा सुमारे २२७० किलो होती, तिच्याही आत आम्ही होतो. चिरंजीवांनी हे गणित वहीत मांडले आणि खाली आजोबांची सही घेतली.

ऑगस्टमध्ये आम्ही मिशिगनच्या उत्तर भागात, मॅकिनॉच्या सामुद्रधुनीकडे निघालो. सहाशे किलोमीटरांचा रस्ता. पहिल्या ऐंशी किलोमीटरांत दोनदा थांबून मामंजींनी चाकांचे नट आवळले आणि प्रत्येक थांब्याला चाकाच्या तुंब्याला हात लावून तो तापत नाही ना हे पाहिले. १९५७ साली खुला झालेला तिथला पूल आठ किलोमीटर लांबीचा आहे, आणि वारा जोराचा असला की उंच वाहनांना व ट्रेलरना तिथे थोपवतात किंवा सोबत देऊन नेतात. आम्हांला तासभर थांबावे लागले. मुले कुरकुरली. मामंजी म्हणाले, "वारा बघून गाडी थांबवतात, ही शहाणी माणसं."

त्याच रात्री सरोवरावरून पाऊस आला. आपल्या आषाढातला वाटावा असा, वाऱ्यासकट आडवा. छपरावर ताशा वाजू लागला. मी जागी झाले तो मामंजी आधीच उठून बसलेले. हातात विजेरी, आणि दुसऱ्या हाताचा तळवा मागच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवलेला. पाच मिनिटे, दहा मिनिटे ते तसेच बसून राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोरडं आहे. झोप आता." दोन मिनिटांत ते घोरू लागले. तिकिटाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. ठरलेल्या दिवशी, ऑक्टोबरातच ते परत गेले.

जाण्यापूर्वी त्यांनी ट्रेलरला हिवाळ्यासाठी तयार केले. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि नळ्या फोडते. म्हणून टाक्या रिकाम्या करून नळ्यांतून गुलाबी रंगाचा, न गोठणारा बिनविषारी द्रव फिरवावा लागतो. प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत ते उभे होते.

आमचा सगळा खर्च, खरेदी धरून, पाच हजार डॉलरांच्या आत बसला. वाचकांपैकी फार थोड्यांच्या दारी असा ट्रेलर येईल हे मी जाणते. पण गळके छप्पर, जुना टायर आणि रिकामा दिवस या तीन गोष्टी सगळ्याच घरांत असतात. त्यांतल्या पहिल्या दोहोंची दुरुस्ती बाजारातही करून मिळते. तिसरीसाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'तुम्ही आराम करा' म्हणायचे सोडून 'हे जरा बघता का?' असे विचारावे लागते.

मामंजींनी मागे ठेवलेली वही कोठारात खुंटीला टांगलेली आहे. महिन्यावार कामे लिहिली आहेत; पहिल्याच ओळीत, 'आगोटीपूर्वी छप्पर.' इंडियानात आगोट नसते, पण आम्ही एप्रिल धरतो. त्या महिन्यात पुण्याहून फोन आला की आधी चौकशी होते ती बेअरिंगची. मुलाची खुशाली नंतर!